माईक टेस्टिंग

माझं काम आवाज लांब पोचवायचं.
ती माझ्याआधीच पोचलेली असायची.

सत्यफुला सहारे, राहणार खैरीटोला.
शाळा शेळ्यांच्या वाटेवर होती
म्हणून चौथीपर्यंत शिकली.
बोडीच्या पाळीवर ती शेळ्यांना हाका मारत होती,
आणि पलीकडे धान कापणाऱ्या बाया
विळे थांबवून ऐकत होत्या,
ही पोरगी नेमकी कोणत्या सुरात चिडते आहे.
तिथूनच कंपनीच्या पडदेवाल्या मडावीने तिला उचललं,
सायकलच्या दांडीवर बसवून.

पहिल्या नाटकात तिला एकच ओळ होती:
"बाबा, पाणी."
तेवढ्यातही तिने ताण घेतली.
मालक विंगेतून हात उगारून आला,
पण लोकांनी वन्समोअर मागितला होता.
बाबाला तीनदा तहान लागली.

मग वडसा. मग पोस्टर, भिंतीभर तिचं तोंड,
कुंकू जरा जास्तच लाल.
खाली छापलं: झाडीची कोकिळा.
तिने खळीचा डबा उलटा केला:
"कोकिरा दुसऱ्याच्या घरात अंडे घालते.
मी भाड्याच्या खोलीत राहातो, पन भाडा देतो."

दिवाळी ते होळी.
दिवसा शंकरपट, रात्री नाटक,
बैलांच्या धुळीवरच तणीस अंथरून
चार हजार माणसं, पोरं, शालीत गुंडाळलेले म्हातारे.
ती माईकपासून हातभर लांब उभी राहायची.
जवळ ये म्हटलं तर म्हणायची,
"तुझा डब्बा फुटन."
खोटं नव्हतं. एक हॉर्न फुटलाच, कुरखेड्याला.

नवरा तबलजी. एक हंगाम टिकला.
दुसऱ्याबद्दल ती एवढंच सांगायची:
"तो ऑर्गन वाजवते."
मुरमाडीच्या घाटात कंपनीचा मेटॅडोर उलटला,
ऑर्गन शाबूत राहिला.
तिसऱ्या रात्री ती त्याच साडीत उभी,
आणि मी आवाजाचं बटण एक घर खाली आणलं.
का, ते कोणी विचारलं नाही.
तिनेही नाही.

पुढे घसा गेला.
काही म्हणाले खर्रा, काही म्हणाले नजर,
नागपूरच्या डॉक्टरने गाठ म्हटलं.
मग मी तिची जुनी कॅसेट लावायचो
आणि ती स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवायची.
पंचेचाळीसची बाई, पंचविसाव्या वर्षाच्या मागे मागे,
कुठे श्वास घेतला होता ते आठवत.
नवरगावला फीत अडकली.
ओठ हलताहेत, आवाज नाही,
चार हजार माणसं आणि जनरेटर.
ती माईकजवळ आली, पहिल्यांदाच इतकी जवळ,
आणि म्हणाली, गोणपाट फाटावं तशा आवाजात,
"माईकवाल्या, पेन्सिल घाल."

त्याला वन्समोअर आला.
मी अजून कोणाला समजावून सांगू शकलो नाही,
पण त्या हंगामातला सगळ्यात मोठा वन्समोअर
एका पेन्सिलीला होता.

गेली ती पानगळीत, मोहफुलं वेचायच्या दिवसांत.
तेराव्याला तिच्या भाच्याने मला बोलावलं,
गाणी लावा म्हणाला.
गाणी होती कुठे? एक पोरगा सगळ्या कॅसेटी
कॉम्प्युटरमध्ये भरतो म्हणून घेऊन गेला,
त्याचा फोन लागत नाही.
माझ्याकडे एकच उरली होती, टेस्टिंगची.
रोज संध्याकाळी मी तिला सांगायचो, हॅलो म्हण.
"हॅलो कोनाले म्हनू? कोनी हाय का तिकडे?"
आणि मग ती नावं घ्यायची.
मी हॉर्न चिंचेवर बांधला, तोंड बोडीकडे.

चांदी. मिरची. लंगडी.
ये ये ये, कानफाटी. ये.
दुर्पती, तुले का वेगळं सांगू?

मधे तिचा खोकला, तबल्याची ठोक,
माझाच आवाज, "थोडं मागे सरक."
परत चांदी.

गाव ऐकत होतं. टाळी कोणी वाजवली नाही.
एक म्हातारी उठून वाडगं बघून आली.

मी भाडं घेतलं नाही, असं गावात सांगतात.
घेतलं.
पन्नास कमी घेतले.